ज्वाळा तीच, फटका वेगळा : पोकेमॉनमधील अग्नी प्रकाराचा हिशेब

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा नाशिकला आमच्या गंगापूर रोडच्या घरी राहायला आला, की दुपारी बाहेर ऊन रणरणत असताना तो आणि माझी मुलगी दिवाणखान्यातल्या पंख्याखाली पोकेमॉन या व्हिडिओ गेममधल्या लढती खेळत बसतात. यंदा तिसऱ्याच दिवशी तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला. त्याच्या चारिझार्डने, म्हणजे शेपटीच्या टोकाला आग पेटती असलेल्या नारिंगी पंखधारी प्राण्याने, तोंडातून ज्वाळेचा लोट सोडला होता आणि समोरच्या किंगड्राच्या शिल्लक ताकदीची पट्टी जेमतेम केसभर सरकली होती. “मामा, आगीचा एवढा मोठा ड्रॅगन, आणि एका समुद्रघोड्याला त्याचं काहीच होत नाही?” असे त्याने विचारले. माझी मुलगी तोपर्यंत आंब्याची फोड संपवून पुढची मूव्ह, म्हणजे प्राण्याचा पुढचा डाव, निवडून मोकळी झाली होती.

प्रश्न रास्त होता, पण त्याच्या मांडणीतच घोटाळा होता. ज्याला तो ड्रॅगन म्हणत होता तो खेळाच्या लेखी ड्रॅगन नाही. ज्याला समुद्रघोडा म्हणून हिणवत होता तो मात्र आहे. आणि त्या क्षणी खेळात पाऊस पडत होता, हे त्याने जमेस धरलेच नव्हते. त्याला उत्तर देताना जे कागदावर मांडावे लागले तेच येथे सविस्तर लिहीत आहे. मुले ज्याला ‘फायर टाइप’ म्हणतात त्या अग्नी प्रकाराबद्दल मोठ्यांचा, आणि पुष्कळदा मुलांचाही, समज असा असतो की आग म्हणजे जोरदार हल्ला. माझे म्हणणे असे आहे, की या खेळात आगीला स्वतःचा जोर बेताचाच आहे. ती कोणी, कोणावर आणि कशा हवेत सोडली, यावर तिच्या फटक्याचा बहुतेक सगळा आकडा ठरतो.

या मालिकेचे पहिले दोन खेळ जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये आले. गेम फ्रीक या कंपनीने ते तयार केले होते आणि निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातातल्या यंत्रावर ते चालत. त्यात प्रत्येक प्राण्याला एक किंवा दोन प्रकार दिलेले होते, आणि प्राणी ज्या मूव्ह वापरतो त्या प्रत्येक मूव्हलाही स्वतःचा एक प्रकार होता. तेव्हा प्रकार एकूण १५ होते. १९९९ मध्ये अंधार आणि पोलाद हे दोन वाढले, २०१३ मध्ये परी हा एक वाढला, आणि आज ते १८ आहेत. हल्ला होतो तेव्हा खेळ मूव्हचा प्रकार आणि समोरच्याचा प्रकार यांची जोडी तक्त्यात पाहतो आणि नुकसानीचा आकडा दुप्पट करायचा, निम्मा करायचा, तसाच ठेवायचा की शून्य करायचा ते ठरवतो. प्राणी कोणत्या प्रकाराचा आणि मूव्ह कोणत्या प्रकाराची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथेच मनात पक्के केले तर पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

हल्ल्याच्या बाजूने पाहू. अग्नी प्रकारची मूव्ह वनस्पती, बर्फ, कीटक आणि पोलाद या चार प्रकारांवर दुप्पट लागते. गवत जळते, बर्फ वितळतो, किडे होरपळतात आणि पोलाद भट्टीत मऊ पडते, त्यामुळे हे पाठ करावे लागत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या वाचकाला बर्फाचे उदाहरण तर घरचेच आहे: निफाडकडे थंडीचा कडाका वाढला की द्राक्षबागायतदार घडांना गारठा लागू नये म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. उलट पाणी, खडक, ड्रॅगन आणि खुद्द अग्नी या चार प्रकारांवर अग्नी मूव्ह निम्मीच लागते. बाकीच्या सर्वांवर ती जशी आहे तशी लागते. आगीला तक्त्यात पूर्णपणे दाद न देणारा, म्हणजे शून्य नुकसान घेणारा, एकही प्रकार नाही.

बचावाच्या बाजूचा तक्ता मात्र वेगळा आहे, आणि बहुतेक नवशिके येथे फसतात. अग्नी प्रकारच्या प्राण्याला पाणी, जमीन आणि खडक या तीन प्रकारांच्या मूव्ह दुप्पट लागतात. अग्नी, वनस्पती, बर्फ, कीटक, पोलाद आणि परी या सहा प्रकारांच्या मूव्ह निम्म्या लागतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की त्या एकमेकींचे प्रतिबिंब नाहीत हे दिसते. जमीन प्रकारचा प्राणी आगीला दुप्पट मारतो, पण आग त्याला निम्मी लागत नाही, पूर्ण लागते. ड्रॅगन आगीचा मारा निम्म्यावर आणतो, पण त्याचा स्वतःचा मारा आगीवर काही विशेष चालत नाही. परीचा मारा आगीवर निम्मा पडतो, आणि तरीही आगीने परीला मारले तर दुप्पट होत नाही. ‘अमुक प्रकार तमुकापेक्षा भारी’ असे एका वाक्यात सांगायची सवय येथे उपयोगाची नाही. मारणारा कोण आणि सोसणारा कोण, हे दर वेळी नव्याने विचारावे लागते.

खडकाची गोष्ट मला व्यक्तिशः नेहमी गमतीची वाटते. ब्रह्मगिरी, अंजनेरी आणि सभोवतालचा सगळा डोंगराळ मुलूख ज्या काळ्या बसाल्टचा आहे तो कोट्यवधी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा थिजलेला थर आहे, म्हणजे आमच्याकडचा खडक हा आगीचाच वंशज. खेळात मात्र हाच खडक आगीचा वैरी आहे. तयार करणाऱ्यांनी बहुधा विस्तवावर दगडमाती लोटून तो विझवण्याचे चित्र डोळ्यांपुढे ठेवले असावे. याच तक्त्याला छेद देणारा मॅगकार्गो नावाचा गोगलगायीसारखा प्राणी अग्नी आणि खडक अशा दोन्ही प्रकारांचा आहे, आणि त्याच्या अंगाचे तापमान सुमारे १८,००० अंश फॅरनहाइट असते, असे खेळातल्या प्राणिकोशात लिहिले आहे. सेल्सिअसमध्ये ते जवळपास १०,००० भरते, तर सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंशांचा असतो. अशा प्राण्याला खिशातल्या चेंडूत घालून मुले हिंडतात. प्राणिकोश लिहिणाऱ्याने आकडा टाकताना हात आखडता घेतला नाही, एवढेच म्हणावे.

मॅगकार्गोवरून पुढचा मुद्दा येतो. प्राण्याला दोन प्रकार असतील तर दोन्हींचे गुणक एकमेकांशी गुणले जातात. पाणी आगीवर दुप्पट आणि खडकावरही दुप्पट, म्हणून मॅगकार्गोवर पाण्याची मूव्ह चौपट लागते. सिझर हा कीटक आणि पोलाद या दोन प्रकारांचा प्राणी इतर सर्व हल्ले बऱ्यापैकी झेलतो, त्याला दुबळेपणा एकच, तो आगीचा, पण तो चौपट. दुसऱ्या टोकाला किंगड्रा आहे. तो पाणी आणि ड्रॅगन अशा दोन प्रकारांचा आहे. पाण्यामुळे आग निम्मी, ड्रॅगनमुळे पुन्हा निम्मी, म्हणजे पाव. आणि चारिझार्ड? तो अग्नी आणि उडणारा या दोन प्रकारांचा आहे. त्याच्या दिसण्यात ड्रॅगन आहे, तक्त्यात नाही. २०१३ च्या खेळांत त्याला जी दोन ‘मेगा’ रूपे मिळाली त्यांपैकी काळे-निळे रूप तेवढे अग्नी आणि ड्रॅगन प्रकारचे आहे, आणि भाच्याच्या डोक्यात तेच बसले होते.

आता प्रत्यक्ष आकडा कसा निघतो ते पाहू, कारण माझ्या मते सगळा उलगडा तेथेच आहे. सूत्र असे: हल्लेखोराच्या लेव्हलची दुप्पट करून तिला ५ ने भागायचे आणि त्यात २ मिळवायचे, त्याला मूव्हच्या पॉवरने गुणायचे, मग हल्लेखोराची मारक ताकद भागिले समोरच्याची बचावाची ताकद या गुणोत्तराने गुणायचे, आलेल्या संख्येला ५० ने भागून पुन्हा २ मिळवायचे. फ्लेमथ्रोअर या मूव्हची पॉवर आज ९० आहे. लेव्हल ५० आणि दोघांच्या ताकदी समसमान धरल्या तर २२ गुणिले ९०, म्हणजे १,९८०; भागिले ५०, म्हणजे ३९ आणि काही अपूर्णांक; खेळ अपूर्णांक सोडून देतो, आणि २ मिळवले की ४१ उरतात. ही झाली उघडी, कोणत्याही गुणकाविना असलेली आग.

येथून पुढे गुणाकार सुरू होतो. अग्नी प्रकारच्याच प्राण्याने अग्नी मूव्ह वापरली तर दीडपट मिळते, म्हणजे सुमारे ६१. समोर फेरोथॉर्न असेल, जो वनस्पती आणि पोलाद या दोन्ही प्रकारांचा आहे, तर चौपट होऊन २४६. त्या वेळी खेळात कडक ऊन असेल तर आणखी दीडपट, म्हणजे ३६९. तीच मूव्ह, तोच प्राणी, पण समोर किंगड्रा आणि हवेत पाऊस असेल तर ६१ चे पाव आणि त्याचे पुन्हा निम्मे, म्हणजे ८ सुद्धा धड भरत नाहीत. मधल्या टप्प्यांवर खेळ अपूर्णांक टाकत जातो आणि शेवटी ८५ ते १०० टक्क्यांमधला एखादा नशिबाचा गुणक लावतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे खालीच राहतात. पण प्रमाण तेच राहते, आणि ते ४८ पटींचे आहे. भाच्याला मी हे दोन आकडे कागदावर एकाखाली एक लिहून दाखवले तेव्हा तो गप्प झाला. चारिझार्डचा दोष नव्हता. त्याने ज्याच्यावर, ज्या वेळी आग सोडली तिथे ती पडण्यासारखीच नव्हती.

मूव्ह निवडतानाही हाच हिशेबी स्वभाव कामाला येतो. फायर ब्लास्टची पॉवर ११०, पण तिची अचूकता ८५ टक्के. फ्लेमथ्रोअर ९०, अचूकता १००. सरासरी काढली तर फायर ब्लास्ट ९३.५ आणि फ्लेमथ्रोअर ९०, म्हणजे फरक नाममात्र, आणि फायर ब्लास्ट एका लढतीत मुळात पाचच वेळा वापरता येते तर फ्लेमथ्रोअर पंधरा वेळा. २०१३ पूर्वी या दोन मूव्हची पॉवर अनुक्रमे १२० आणि ९५ होती, तेव्हा सरासरीतला फरक सातचा होता आणि जोखीम घेण्यात थोडा तरी अर्थ होता. मी स्वतः फ्लेमथ्रोअर घेणाऱ्यांतला आहे. माझी मुलगी म्हणते, की ज्या एका फटक्याने समोरचा पडायलाच हवा तिथे सरासरी उपयोगाची नसते, जास्त आकडा उपयोगाचा असतो. आणि तेही खोटे नाही.

ओव्हरहीट ही मूव्ह १३० पॉवरची आहे, पण ती वापरताच वापरणाऱ्याची विशेष मारक ताकद निम्मी होते, म्हणून ती मारावी आणि लगेच प्राणी माघारी बोलवावा. फ्लेअर ब्लिट्झ १२० पॉवरची. जेवढे नुकसान केले त्याच्या एक तृतीयांश मारणाऱ्यालाही सोसावे लागते. इरप्शन, म्हणजे ज्वालामुखीचा उद्रेक, ही सर्वांत विचित्र: प्राण्याची शिल्लक ताकद पूर्ण शाबूत असताना तिची पॉवर १५० असते आणि ती ताकद घटत जाते त्या प्रमाणात तीही घटते, त्यामुळे जखमी प्राण्याच्या हातात ती निरुपयोगी ठरते. याच्या नेमका उलटा आहे ब्लेझ हा गुण, म्हणजे प्राण्याच्या अंगची आपोआप लागू होणारी खुबी, जो सुरुवातीला निवडायला मिळणाऱ्या अग्नी प्राण्यांत असतो: शिल्लक ताकद एक तृतीयांश किंवा त्याहून कमी उरली की त्यांच्या अग्नी मूव्ह दीडपट लागतात. हरत आलेला चारमँडर, म्हणजे चारिझार्डचे सुरुवातीचे लहान रूप, अचानक सामना फिरवतो तेव्हा मुले त्याला जिद्द म्हणतात. तो ब्लेझ असतो.

वर मी ‘विशेष मारक ताकद’ असा शब्द वापरला, त्याचा खुलासा केला पाहिजे. खेळात हल्ले दोन जातींचे असतात: अंगाने भिडून केलेले, आणि ज्वाळा, वीज, लाट यांसारखे लांबून सोडलेले. पहिल्यासाठी प्राण्याची मारक ताकद विरुद्ध समोरच्याचा बचाव मोजतात. दुसऱ्यासाठी विशेष मारक ताकद विरुद्ध विशेष बचाव. २००६ मध्ये आलेल्या डायमंड आणि पर्ल या खेळांपर्यंत ही जात मूव्हवरून ठरत नसे, प्रकारावरून ठरत असे, आणि अग्नी प्रकारच्या सगळ्याच मूव्ह विशेष जातीत धरल्या जात. आगीचा ठोसासुद्धा! याची झळ सर्वांत जास्त बसली ती फ्लेरिऑनला. हा ईव्हीपासून अग्निमणी देऊन तयार होणारा केसाळ प्राणी, त्याची मूळ मारक ताकद १३० म्हणजे फार मोठी, पण स्वतःच्या प्रकाराची एकही मूव्ह ती ताकद वापरू शकत नसे. नियम बदलल्यावरही त्याला फ्लेअर ब्लिट्झ शिकायला मिळाली ती थेट २०१३ च्या खेळांत. इतकी वर्षे कोठारात धान्य आणि घरात उपास, अशी त्याची स्थिती होती.

हाच जुना नियम एका ठिकाणी मात्र आगीच्या पथ्यावर पडला होता. पहिल्या खेळात चारमँडर निवडणाऱ्याची वाट बिकट, असे सर्रास सांगतात, कारण वाटेत हरवावा लागणारा पहिलाच व्यायामशाळेचा (जिमचा) प्रमुख ब्रॉक हा खडकवाला: त्याच्याकडे जिओड्यूड आणि ओनिक्स, दोघेही खडक आणि जमीन प्रकारचे. आग त्यांच्यावर निम्मीच लागते हे खरे. पण चारमँडरची दुसरी मूव्ह, नखांचा साधा ओरखडा, तीही खडकावर निम्मीच लागते, आणि दोन्हींची पॉवर ४० च आहे. फरक बचावात आहे. त्या खेळात ओनिक्सचा मूळ बचाव १६० होता आणि विशेष हल्ल्यांपुढची ताकद केवळ ३०. एम्बर ही आगीची प्राथमिक मूव्ह चारमँडर नवव्या लेव्हलला शिकतो, ती या ३० वर जाऊन आदळते, शिवाय स्वतःच्या प्रकाराची म्हणून दीडपट मिळते ती वेगळीच. ज्यांनी तक्ता पाहून आग टाळली आणि ओरखडे काढत बसले ते ब्रॉकपुढे तासन् तास अडकले. ज्यांनी तक्ता बाजूला ठेवून एम्बर मारून पाहिली ते पुढे गेले. तक्त्यातला निम्मा हा गुणाकारातला एक घटक असतो, निकाल नसतो.

आगीचे आणखी एक अंग आहे ज्याकडे नवा खेळाडू ढुंकून पाहत नाही, ते म्हणजे भाजणे. फ्लेमथ्रोअर किंवा एम्बर लागली की १० टक्के वेळा समोरचा प्राणी भाजलेल्या अवस्थेत जातो. मग दर फेरीला त्याच्या एकूण ताकदीचा सोळावा भाग आपोआप घटतो. १९९९ पासून २०१६ पर्यंतच्या खेळांत आठवा भाग घटत असे. पण खरी मेख या घटीत नाही. भाजलेल्या प्राण्याचे अंगाने भिडून केलेले सगळे हल्ले निम्म्या जोराचे होतात. समोर पहिलवान छापाचा प्राणी असेल, ज्याचा सगळा भरवसा मनगटावर आहे, तर त्याला एकदा भाजले की तो उरलेली लढत अर्ध्या बळाने खेळतो. केवळ भाजण्यासाठी विल-ओ-विस्प नावाची मूव्ह आहे. तिने थेट नुकसान शून्य होते आणि ती ८५ टक्के वेळा लागते. जपानी खेळात तिचे नाव ‘ओनिबी’, म्हणजे राक्षसाची आग. आपल्याकडे रानात रात्री दिसणाऱ्या ज्या उजेडाला आग्या वेताळ म्हणतात त्याच कुळातली. एक नुकसान न करणारी मूव्ह सामन्याचा रंग पालटते हे पटायला भाच्याला दोन दिवस लागले.

या अस्त्राला अपवादही आहेत. अग्नी प्रकारचे प्राणी भाजत नाहीत, मग चटका आगीचा असो वा स्काल्ड या उकळत्या पाण्याच्या मूव्हचा, जी पाणी प्रकारची असूनही ३० टक्के वेळा भाजते. गट्स हा गुण असलेल्या प्राण्याला तर भाजणे म्हणजे त्याच्या हाती कोलीत देणे होय: त्याचा जोर निम्मा होत नाहीच, उलट दीडपट होतो. आणि फ्लॅश फायर हा गुण असलेल्या प्राण्यावर कोणतीही अग्नी मूव्ह टाकली तर ती शून्य लागते आणि वर त्याच्या स्वतःच्या अग्नी मूव्ह दीडपट होतात. तक्त्यात आगीला शून्य करणारा प्रकार नाही असे मी वर म्हटले, ते प्रकारांपुरते खरे आहे. गुणांनी ती पळवाट बुजवली आहे.

आता हवा. कडक ऊन असेल तर अग्नी मूव्ह दीडपट आणि पाण्याच्या मूव्ह निम्म्या. पाऊस असेल तर नेमके उलट. हे १९९९ पासून चालत आले आहे. ऊन आणण्याची मूव्ह वापरली तर ते पाच फेऱ्या टिकते, आणि प्राण्याजवळ तापलेला खडक ही वस्तू असेल तर आठ. काही प्राण्यांना ड्राउट नावाचा गुण असतो आणि ते नुसते मैदानात उतरले तरी ऊन पडते. २००२ च्या रुबी या खेळातला ग्राउडॉन हा त्यांतला पहिला, पुढे नऊ शेपट्यांची कोल्हीण नाइनटेल्स आणि मग टॉरकोल नावाचे कासव. २०१३ पर्यंत असे आणलेले ऊन दुसरी हवा येईपर्यंत हटतच नसे. २०१४ मध्ये ग्राउडॉनला जे आदिम रूप मिळाले त्याच्या उन्हात तर पाण्याची मूव्ह हवेतच वाफ होऊन जाते. तो जमीन आणि अग्नी या दोन प्रकारांचा, म्हणजे पाण्याला चौपट दुबळा. त्या एकाच भोकाला खेळाने असे बूच मारले.

रस्त्यावर फिरून खेळायचा पोकेमॉन गो, जो भारतात अधिकृतपणे डिसेंबर २०१६ मध्ये आला, त्यात ही हवा खरीच धरलेली आहे. बाहेर निरभ्र असेल तर अग्नी प्रकाराला थोडी भर मिळते. तेथले गुणक वेगळे आहेत, दुपटीऐवजी १.६ पट वगैरे, म्हणून एका खेळाचे गणित दुसऱ्यात नेऊ नये.

चारिझार्डच्या बाबतीत आणखी एक गोष्ट भाच्याला सांगावी लागली. २००६ पासून स्टेल्थ रॉक नावाची एक मूव्ह आहे, जी समोरच्या बाजूला अणकुचीदार दगड पेरून ठेवते, आणि नंतर उतरणारा प्रत्येक प्राणी खडक प्रकाराला किती दुबळा आहे त्यानुसार नुकसान सोसतो. सामान्य प्राण्याची आठवा भाग ताकद जाते. चारिझार्ड अग्नी आणि उडणारा असल्यामुळे खडकाला चौपट दुबळा, म्हणून उतरल्या उतरल्या त्याची निम्मी ताकद जाते, कोणी बोटही लावण्याआधी. पंखांमुळे त्याला जमिनीची मूव्ह लागत नाही, पण त्या सवलतीची किंमत ही अशी वसूल होते. २०१९ च्या खेळांत आलेले जाड बूट त्याला घातले तर हे दगड टोचत नाहीत, मात्र मग दुसरी कोणतीही वस्तू त्याला देता येत नाही.

अग्नी प्राण्यांची एकूण संख्याही पाण्याच्या मानाने नेहमीच कमी राहिली आहे. याचा कळस डायमंड आणि पर्लमध्ये झाला: त्या खेळांतल्या प्रदेशाच्या प्राण्यांच्या यादीत चिमचार आणि पोनिटा या दोनच कुळांत अग्नी प्रकार होता, आणि अग्नीचा उस्ताद म्हणून मिरवणाऱ्या फ्लिंटला आपला संघ भरायला पोलादी सर्प, ससा आणि फुगा असे भलतेच प्राणी घ्यावे लागले. पुढच्या प्लॅटिनममध्ये ही लाजिरवाणी स्थिती सुधारली. जे अग्नी प्राणी मिळतात त्यांतल्या काहींचा उपयोग लढतीबाहेरही होतो. फ्लेम बॉडी हा गुण असलेला प्राणी संघात ठेवला तर सोबतची अंडी निम्म्या पावलांत उबतात. लढाईत ज्याची कोणाला आठवण होत नाही अशा एखाद्या स्लग्माला खुडूक कोंबडीसारखे बाळगणारे खेळाडू पुष्कळ आहेत, आणि माझ्या मुलीकडे तो गेली दोन वर्षे हेच काम करत आहे.

मे संपता संपता भाच्याने चारिझार्ड बाजूला ठेवला आणि दोन-दोन प्राण्यांच्या लढतीत टॉरकोल आणि व्हीनसॉर अशी जोडी उतरवली. व्हीनसॉर वनस्पती प्रकारचा आहे. तक्त्यात आगीचे भक्ष्य, पण उन्हात आगीचा जोडीदार, कारण त्याच्या क्लोरोफिल या गुणामुळे उन्हात त्याचा वेग दुप्पट होतो आणि एरवी दोन फेऱ्या खाणारी सोलर बीम ही मूव्ह एकाच फेरीत सुटते. समोर मुलीचे नेहमीचे दोघे होते: उतरताच पाऊस आणणारा पेलिपर आणि किंगड्रा. दोन्ही हवा एकाच क्षणी येतात तेव्हा वेगवान प्राण्याचा गुण आधी लागू होतो आणि मंद प्राण्याचा नंतर, म्हणून शेवटी मंदाचीच हवा टिकते. पेलिपरचा मूळ वेग ६५ आहे आणि टॉरकोलचा २०. पाऊस आला, आणि लगोलग ऊन पडले. भाच्याने माझ्याकडे पाहिले. मुलीने पेलिपरला माघारी घेतले. तिला एका फेरीनंतर त्याला पुन्हा उतरवायचे होते, म्हणजे या वेळी पाऊस नंतर आला असता.